संपर्क टाळा

वांग्याचा भाव विचारला, एवढंच मी केलं होतं. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, नांदुऱ्याचा बाजार पहिल्यासारखा भरला होता, तोंडावर फडकं बांधलेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. मी एका म्हातारीपुढे वाकलो आणि म्हणालो, "मावशी, वांगे कसे दिले?" तिनं मान वर केली नाही. पण तिचे हात चालू लागले. तिनं खाली अंथरलेल्या पोत्याच्या कडा धरल्या, वांगी मध्ये ओढली, मेथीच्या जुड्या त्यांच्यावर टाकल्या आणि तराजू उचलून मांडीखाली घातला. झोपेत कूस बदलावी इतक्या सहज. मला आधी काही कळलंच नाही. मी म्हणालो, "काय झालं मावशी?" तर ती खाली बघतच म्हणाली, "उठतो न साहेब, उठतो. दोन मिनिटं द्या." शेजारी टमाटे घेऊन बसलेली बाई हसायला लागली. "अवं कौशल्याबाई, काऊन उठून राह्यली? तो मानूस बाजार कराले आला. कोरोना गेला न आता!" तेव्हा कुठे म्हातारीनं वर पाहिलं. माझा चेहरा तिला ओळखीचा वाटला नाही, वाटणारही नव्हता. ती ओशाळून हसली, पोत्याच्या कडा सोडल्या, आणि म्हणाली, "आवाज आयकला अन् हात आपोआपच चालले, बाप्पा. तुमचा आवाज त्या भोंग्याच्या गाडीवाल्यासारखा आहे." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तिनं वांग्यांवर दोन वांगी जास्तीची टाकली, आणि मी मेथी न घेताच घरी आलो.

गाडीवाला मीच. देवानंद, नगरपालिकेच्या ऑफिसात शिपाई. पण गळ्यामुळे गावाला माहीत. नळ दोन दिवस येणार नाहीत, पोलिओचा डोस आहे, अमुक वर्णनाचं लेकरू हरवलं आहे, असलं सगळं वर्षानुवर्षं मीच ऑटोत बसून भोंग्यावर सांगत आलो. माइक हातात आला की माझी बोली बदलते. घरी मी 'कुठी चालली' म्हणतो, माइकवर 'नागरिकांना सूचित करण्यात येते' म्हणतो. हैदर यावरून मला फार हसायचा. हैदर म्हणजे स्टेशन रोडच्या वळणावर केळी-पपईची हातगाडी लावणारा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. मी ऑटोतून जाताना तो हातातल्या सुरीनं सलाम ठोकायचा आणि ओरडायचा, "देवा, हळू बोल लेका, केळं पिकून जाईन!" संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्याच्या गाडीपाशी उभं राहून एक चहा दोघांत, हे इतक्या वर्षांत चुकलं असेल तर आजारपणात. पपई तो बोटाच्या टोकानं वाजवून बघायचा, डोळे मिटून, आणि मग सांगायचा, ही आज, ही उद्या, ही परवा.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या हातात जो कागद दिला तो मला अजून पाठ आहे. पाठ नसावा असं वाटतं, पण भाकरी तोडताना, पायऱ्या चढताना त्यातली वाक्यं तोंडात येतात. बाजार बंद राहील. घराबाहेर पडू नये. संपर्क टाळा. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते सात, कचरूच्या ऑटोत मागच्या सीटवर मी, तोंडाला दुहेरी रुमाल, त्याच्यावर माइक. रुमाल थुंकीनं ओला व्हायचा आणि माझाच श्वास मला गरम लागायचा. रस्ते असे मोकळे मी कधी पाहिले नव्हते. आधी-आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. साऱ्या गावात एकटा माझा आवाज. माझं ऐकून माणसं आत जात होती, दारं लागत होती. स्टेशनवर माणसांची गाडी थांबायची नाही, नुसत्या मालगाड्या धडधडत जायच्या, त्यांचा आवाज संपेपर्यंत मी थांबायचो आणि मग पुन्हा सुरू करायचो. पुढे भाजीबाजार शाळेच्या मैदानावर नेला, तिथं चुन्याचे चौकोन आखले होते. एका चौकोनात एक बाई, तिच्यासमोरच्या चौकोनात एक गिऱ्हाईक. मध्ये भाजी. माणसं पैसे लांबून टाकायची आणि भाजी लांबून उचलायची. माझी बायको आशा घरी आणलेली कोथिंबीरसुद्धा सोड्याच्या पाण्यात बुडवायची, मग ती काळी पडायची, मग आम्ही ती काळी कोथिंबीर वरणात घालून खायचो. दूध आलं की पिशवी धुवायची. माझी चप्पल बाहेर, कपडे बाहेर, मी मोरीत. छकुली तेव्हा बारा वर्षांची होती, ती दाराच्या फटीतून विचारायची, "बाबा, आज किती निघाले?" जसा पावसाचा आकडा विचारावा.

महिनाभरात गळा गेला. आणि गळ्यापेक्षा जास्त काहीतरी गेलं, त्याला नाव नाही. सकाळी उठल्यावर आदल्या दिवशीचाच थकवा अंगावर असायचा, धुऊन न वाळलेल्या शर्टासारखा. बोलण्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचेनासा झाला. कागदातली वाक्यं एकामागून एक येत राहायची, पहिलं उच्चारलं की दुसरं आपोआप. अशा एका सकाळी, साधारण दहाचा सुमार असेल, कचरूनं ऑटो धान्याच्या गोदामामागच्या गल्लीत वळवला. तिथं हैदरची गाडी उभी होती. गाड्या एका जागी उभ्या करायला बंदी होती, फिरत राहायचं असा नियम. पण त्याच्याभोवती दहा-बारा माणसं गोळा झाली होती आणि तो मान खाली घालून भराभर केळीचे घड कापत होता. मागच्या चौकात पोलिसांची गाडी मी पाहिली होती. ती वळायला दोन मिनिटंही लागणार नव्हती. मला फक्त त्याला सावध करायचं होतं. उतरून सांगितलं असतं तरी चाललं असतं, वीस पावलं होती. पण माइक तोंडाशी होता. मी म्हणालो, "हैदरभाई, घरी जा." आणि पुढचं वाक्य आपोआप आलं. "संपर्क टाळा."

भोंग्यावरून ते चार गल्ल्यांत गेलं. हैदरनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला, कारण त्याला कळलं होतं. त्यानं केळी झाकली, गाडी वळवली. पण त्याच्याभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरकली. एका माणसानं हातातला घड परत ठेवला आणि हात पँटला पुसला. मी ते पाहिलं. कचरूनंही पाहिलं, तो मागे वळून म्हणाला, "भाऊ, नाव काऊन घेतलं बे?" मी म्हणालो, "पोलीस येऊन राह्यले होते न." त्यानं ऑटो पुढे काढला.

संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, हैदरला कोरोना निघाला. सरकारी माणसानं नाव घेऊन सांगितलं म्हणजे खरंच असणार. त्यातून ते दिवस कसे होते ते सगळ्यांना आठवत असेल. फळांना थुंकी लावतात असले व्हिडिओ ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर फिरत होते, आणि माझ्या तोंडून जे नाव गेलं ते हैदरचं होतं. आठवडाभरात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बांबू आडवे लागले आणि तिथे बसलेली पोरं भाजी-फळांच्या हातगाडीवाल्यांना नाव विचारू लागली. हैदरची तपासणी झाली, काही निघालं नाही. पण काही निघालं नाही हे भोंग्यावर सांगायला मला कोणी कागद दिला नाही. दुसऱ्या दिवशी माइक माझ्याच हातात होता. तिसऱ्या दिवशीही. एक वाक्य होतं, हैदरभाई ठणठणीत आहेत. मी ते मनात कितीदा तरी जुळवलं. कागदाबाहेरचं बोलायचं नाही असा नियम आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ज्या माणसानं कागदाबाहेरचं एकदा बोलून टाकलं होतं त्यानं. पावसाळ्यात कळलं की हैदरनं गाडी विकली. मग दुसरी लाट आली, माझा सख्खा मामा गेला, ऑफिसातले दोघे गेले, आणि माणूस कोणासाठी किती वाईट वाटून घेईल याचीही एक हद्द आली. हैदर कुठं आहे हे मी कोणाला विचारलं नाही.

वांगी ओट्यावर ठेवली तशी आशा म्हणाली, "मेथी?" मी तिला म्हातारीचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती वांग्यांचे देठ कापत राहिली. अजूनही ती भाजी तीन पाण्यांतून काढते. आता भीती नाही, पण हात थांबत नाहीत असं म्हणते. थोड्या वेळानं तिनं तोंड न वळवता सांगितलं, "हैदरभाऊ पिंपळगाव राजाले आहेत म्हने. बाजारात बसतेत. शाहजादीभाबीचं माहेर तिथलं." मी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली, "लय दिवस झाले." "मंग मले काऊन नाही सांगतलं?" त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी इचारलं काय कधी?"

पिंपळगाव राजाच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बायका ओळींतून वेचत होत्या, एका ठिकाणी तूर फुलावर होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. हैदर, माझं चुकलं. हैदर, मी पोलिसांसाठी बोललो होतो. प्रत्येक वाक्य जुळवलं की ते माइकवरच्यासारखं वाटायचं, नागरिकांना उद्देशून. शेजारचा म्हातारा तोंड न झाकता खोकला आणि माझं अंग खिडकीकडे सरकलं. मला स्वतःचीच चीड आली, पण अंग पुन्हा जागेवर आलं नाही. माणसाला एकदा माणसापासून सरकायला शिकवलं की ते विसरायला किती दिवस लागतात, हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. शिकवणाऱ्यांत मी होतो, एवढं खरं.

बाजार मोठा होता, धुळीनं आणि माणसांनी भरलेला. मिरची, भाजलेले शेंगदाणे, नवे झाडू, शेळ्यांचा वास. मी फळांच्या ओळीत दोन चकरा मारल्या तरी हैदर दिसला नाही, कारण मी उंच माणूस शोधत होतो आणि तो खाली बसला होता. गाडी नव्हती. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर केळी, थोडे पेरू. बाजूला शाहजादी वजन करत होती. त्याची दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला पाहिलं, लगेच ओळखलं, आणि हातातला पेरू पुसत म्हणाला, "या. कवा आले?"

या, म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं मला अहो-जाहो केलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "आत्ताच. कसा आहे तू?" "चांगला आहो. अल्लाचा करम आहे. तुमची तब्येत? छकुली किती मोठी झाली?" मी सांगितलं, नववीत आहे. त्यानं मान हलवली. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं डझनभर केळी दिली, मग पुन्हा माझ्याकडे वळला, पाव्हण्याकडे वळावं तसा. शाहजादीनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, पण ती ऐकत होती. मी एसटीत जुळवलेलं सगळं विसरलो आणि घाईघाईनं म्हणालो, "हैदर, त्या दिवशी मी तुहं नाव घेतलं. माइकवर. पोलीस मांगं होते म्हनून. मले लोकं असं समजतीन हे—"

"मालूम आहे मले," तो म्हणाला. "मी तवाच समजलो. हसलो नाही का मी तुमाले पाहून?"

"मंग गाव..."

"गावाचं काय इतकं. गाव भेलं होतं. मी बी भेलो होतो. एखाद्याचं नाव आयकलं असतं तं मी बी त्याच्या हातचं घेतलं नसतं." तो हे समजावून सांगत होता, मलाच धीर द्यावा तसं. मला हलकं वाटू लागलं, मी ते लपवत नाही. अडीच वर्षं छातीवर घेऊन फिरलो ते इतक्या सहज उतरतं आहे असं वाटलं, आणि मी पुढे बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "एक गोष्ट इचारू काय तुमाले? पपई कशी होती?"

माझं तोंड उघडंच राहिलं. पपई. रमजान चालू होता तेव्हा, उन्हाचा कहर. बांबू लागायच्या आधीची गोष्ट. मी माइकवर त्याचं नाव घेतलं त्याला चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी दारात हाक आली, "छकुली!" मी खिडकीतून पाहिलं. हैदर रस्त्याच्या पलीकडे उभा होता, त्यानं मुद्दाम एवढं अंतर ठेवलं होतं. पपई त्यानं आधीच आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. "आजच कापजा," तो म्हणाला, "उद्या उतरून जाईन." दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाचा आवाज होता तो, सुकलेला. मी दार उघडलं नाही. खिडकीतूनच हात दाखवला. त्याच्या घरात कोणाला कोरोना नाही हे साऱ्या नांदुऱ्यात सगळ्यांत आधी मला माहीत होतं. त्या बातमीचा जन्मच माझ्या तोंडून झाला होता. तरी तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी थांबलो. मग हाताला प्लास्टिकची पिशवी चढवली, पपई उचलली, आणि घंटागाडी आली तेव्हा तिच्यात टाकली. ओटा फिनाईलनं धुतला. छकुलीला सांगितलं, कच्ची निघाली. पिशवीतून तिचा मऊपणा हाताला लागला होता. बरोबर त्या दिवशी खायची होती ती. हे मी कधी आठवलं नव्हतं. माइकचं सगळं आठवत होतो, पुन्हा पुन्हा, जणू तेवढंच घडलं होतं. कारण त्यात माझा हेतू चांगला होता.

गोड होती, एवढं म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "खाल्ली नाही. फेकली मी."

हैदरनं ताडपत्रीवरचा पेरू उचलून दुसऱ्या पेरूशेजारी नीट लावला. "अजहर होता घंटागाडीवर तवा," तो म्हणाला. "माह्या काकाचा पोरगा. त्यानंच सांगतलं मले. म्हने, कागदासगट होती." तो आवाज चढवून बोलत नव्हता. "सगळ्या गावानं नाही घेतलं, त्याचं मले काही नाही वाटलं. गावाले मालूम नव्हतं. तुमाले मालूम होतं न."

आमच्या दोघांच्या मध्ये केळी होती, दोन हातांचं अंतर होतं, बाजार चालला होता. मला उठून जाता येईना. मी हात पुढे केला, घडातलं एक केळं तोडलं, आणि तिथंच, उकिडवा बसलेला, सोलून खाल्लं. न धुता, न पुसता, त्याच्या हातचं, सगळ्यांसमोर. मी ते पूर्ण खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं. हैदर दुसरीकडे बघत होता. शाहजादीनं मात्र तराजू खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दिवसभर उन्हात बसलेल्या बाईचा थकलेला चेहरा होता तो. ती म्हणाली, "आता तं सगळेच खातेत, भाऊ."

साल हातात धरून मी बसून राहिलो. मागं माणसं जमली होती. पिशवी घेतलेला एक माणूस माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "झालं असन तं सरका न जरा."

मी सरकलो.